आईची मातृभाषा

आमच्या घरात नियम असा एकच होता आणि तो बाबांनी घातलेला होता: उंबऱ्याच्या आत मराठी, बाहेर जी लागेल ती. त्यात कसलाही अभिमानाचा दर्प नव्हता, हे आधीच सांगते, कारण हल्ली भाषेबद्दल कोणी काही नियम केला म्हटलं की वाचणाऱ्याच्या मनात वेगळंच चित्र उभं राहतं. बाबा साताऱ्याकडचे. सरकारी कारखान्यात नोकरी लागली म्हणून बंगळूरला आले आणि इथंच राहिले. इथं पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली मराठी घरं त्यांनी पाहिली होती. त्या घरांतली नातवंडं मराठी बोलायची, पण क्रियापद मराठी आणि बाकी सगळं बाजारातलं. बाबा यंत्रांवर काम करणारे. ते म्हणायचे, "यंत्र बंद ठेवलं की गंजतं. भाषेचं तसंच आहे. रोज चालवायची." एवढंच त्यांचं तत्त्वज्ञान. शेजाऱ्यांशी त्यांचं कधी वाकडं नव्हतं.

आम्ही मल्लेश्वरममध्ये एका वठारात राहत होतो. वठार म्हणजे एका फाटकाच्या आत ओळीनं बांधलेली चार घरं, सगळ्यांत मिळून एक विहीर आणि एक अंगण. आमचं घर शेवटचं. तांबड्या गिलाव्याची गुळगुळीत जमीन, पुढं ओटा, मागं स्वयंपाकघर, आणि स्वयंपाकघराच्या दारातून दिसणारी कमरेइतकी बुटकी भिंत. भिंतीपलीकडं नंजुंडय्या मास्तरांचं घर. ते म्युनिसिपल शाळेत शिकवायचे. त्यांच्या बायकोचं नाव सीतम्मा. सकाळी पालेभाज्या विकणाऱ्या बाईची "सोप्पु, सोप्पु" अशी लांबलेली हाळी यायची, मग विहिरीच्या रहाटाचा आवाज, मग नाक्यावर थांबलेल्या कारखान्याच्या बसचा भोंगा. बाबा त्या भोंग्यावर घड्याळ लावत. बस लवकर आली तर बसचं चुकलं, असं ते मानत नसत, घड्याळच तपासत.

आई धारवाडकडची. माहेरचं नाव तुंगा. लग्नात बाबांनी ताटातल्या तांदळांवर अंगठीनं "सुनंदा" लिहिलं आणि त्या दिवसापासून तुंगा हे नाव घरात कोणी घेतलं नाही. तिच्या माहेरी कन्नड बोलत. मराठी त्यांना समजायची, पाहुण्यांशी बोलण्यापुरती यायचीही, पण चुलीपाशी कन्नडच. लग्न होऊन आली तेव्हा ती लहान लहान वाक्यं बोलायची, असं बाबाच सांगत. मला कळू लागलं तोवर तिची मराठी स्वच्छ झाली होती, आमच्याहून स्वच्छ. ओल्या फरशीवरून चालणारा माणूस जसा प्रत्येक पाऊल बघून टाकतो, तशी ती बोलायची. तिच्या बोलण्यात कधी चूक नसे आणि कधी घाईही नसे. आम्ही सगळे "कानडी" म्हणायचो, ती एकटी "कन्नड" म्हणायची. एवढा एकच फरक ऐकू यायचा.

दुपारी मात्र सगळं बदलायचं. जेवणं उरकली, भांडी झाली की आई मागच्या भिंतीला टेकून उभी राहायची आणि पलीकडून सीतम्मा यायची. दोघींचे हात कामात असायचे, शेंगा सोलणं, तांदूळ निवडणं, काहीही. त्या वेळी आईचा आवाज वेगळा असायचा. मोठा, भरभर, मधेच वाक्य तोडून हसणारा. मी शाळेतून लवकर आले की आतल्या खोलीत बसून तो आवाज ऐकायची. कन्नड मला शाळेमुळं चांगलं येत होतं, शब्द सगळे कळायचे. पण ते बोलणारी बाई माझ्या फारशी ओळखीची नव्हती. ती चेष्टा करायची, नकला करायची. एकदा तिनं बाबांचं घड्याळ तपासणं इतकं हुबेहूब करून दाखवलं की सीतम्माच्या सुपातले तांदूळ सांडले. बाबा घरी आले की तीच बाई पुन्हा एकेक पाऊल बघून टाकायला लागायची.

जेवणात दोन्ही घरं होती. एक दिवस आमटी, एक दिवस धारवाडकडची आंबट हुळी. भाकरीबरोबर झुणका आणि भाताबरोबर पातळ सारु. चटणीपुडीचा डबा आणि शेंगदाण्याच्या चटणीचा डबा फळीवर शेजारी शेजारी. देवाधर्माचंही तसंच. आई वैष्णव घरातली. एकादशीला ती पाण्याचा थेंबही घेत नसे आणि त्याच दिवशी आमच्यासाठी साबुदाण्याची खिचडी करत असे, कारण बाबांच्या घरी उपवास म्हणजे खिचडी. देव्हाऱ्यात तिचा विष्णू आणि बाबांची देवी दोघांची सोय होती. सकाळची पदं ती कन्नडमध्ये म्हणायची आणि संध्याकाळची आरती आमच्याबरोबर मराठीत. बाबांचा नियम देव्हाऱ्यापर्यंत पोचत नव्हता, आणि बाबांनी तो तिथं कधी नेलाही नाही. या सगळ्याला कुणी समन्वय वगैरे म्हणत नव्हतं. घर चालत होतं, एवढंच.

मी पुढं सगळी नोकरी हिशेबखात्यात केली. आता साठीला टेकले आहे आणि संध्याकाळी टीव्ही लावला की चार माणसं एकाच वेळी बोलताना दिसतात. आज दुकानांच्या पाट्या कुठल्या लिपीत असाव्यात, उद्या कोणाची लोकसंख्या किती वाढली. प्रत्येकाजवळ आकडा असतो. आकड्यांवर माझा राग नाही, मी त्यांच्यावरच जगले. पण आकडा कसा तयार होतो ते मी एकदा आमच्या ओट्यावर, चांगली पंधरा वर्षांची असताना, समोर बसून पाहिलं आहे. म्हणून त्या माणसांचं बोलणं ऐकताना मला नेहमी वाटतं, यांनी कधी कुणाची शिरगणतीची चिठ्ठी भरली जाताना पाहिली असेल का.

ते वर्ष शिरगणतीचं होतं. राज्यांची नवी आखणी होऊन काही वर्षं झाली होती, आमच्या राज्याचं नाव अजून म्हैसूरच होतं, आणि बेळगाव कुणाचं हा वाद पेटलेला होता. बाबांचे थोरले भाऊ, आमचे दादाकाका, नोकरीमुळं बेळगावात स्थायिक झाले होते. ते शाळामास्तर. दरवर्षी उन्हाळ्यात यायचे ते त्या वर्षी थंडी सरता सरताच आले. हातात कुंद्याचा डबा, खांद्याला पिशवी. चहा घेता घेताच त्यांनी येण्याचं कारण सांगितलं. खानेसुमारीत मराठी माणसानं स्वतःला मराठी म्हणून लिहवून घेतलं पाहिजे, आणि इथल्या मराठी घरांतून तेवढं सांगून यायचं.

बाबा म्हणाले, "दादा, बंगळूर कोण मागतंय?"

"मागत कोणीच नाही."

"मग इथं मोजून उपयोग?"

"उद्या कोणी म्हणालं, या राज्यात मराठी माणसं आहेतच किती, तर दाखवायला आकडा नको? वसंता, तू इंजिनिअर माणूस. वजन कुठल्याही टोकाला ठेव, काट्याला कळतंच ना?"

बाबा हसले. "काटा एवढा लांबलचक असेल तर वाकतो हो."

दादाकाका चिडत नसत. त्यांनी कपाळावरची टोपी मागं सरकवली आणि शांतपणे सांगितलं, "तुझं बरं आहे. तू इथं पाहुणा म्हणून आलास, पाहुण्यासारखा राहतोयस. माझ्या वर्गात मागच्या वर्षीपेक्षा पोरं कमी आहेत. मराठीतला अर्ज हल्ली कचेरीतून परत येतो. मी जिथं इतकी वर्षं काढली तिथंच मला पाहुणा केलंय." ते खरं बोलत होते. मला त्यांचं म्हणणं त्या वेळीही पटलं होतं आणि आजही मी ते खोडून काढू शकत नाही. गंमत एवढीच की दुसऱ्या दिवशी सकाळी सोप्पुवाल्या बाईशी त्यांनी अशा अस्सल कन्नडमध्ये घासाघीस केली की ती जाताना त्यांना "अण्णा" म्हणून गेली.

ते रोज सकाळी बाहेर पडायचे, मल्लेश्वरमच्या आडव्या रस्त्यांवरून घरोघर जायचे, आणि दुपारी जेवायला परत यायचे. आईच्या हातचा सारु त्यांना फार आवडायचा. दोन वाट्या पिऊन झाल्यावर तिसरी पुढं करायचे आणि म्हणायचे, "अशी आमटी बेळगावात मिळत नाही." आई पदर सावरून वाढायची. थोरल्या दिरासमोर ती कधी बोलत नसे. काही विचारायचं असलं तर आमच्याकरवी विचारायची. माझा धाकटा भाऊ शाम तर तिचा निरोप्याच झाला होता. आई कानात सांगायची आणि तो मोठ्यानं ओरडायचा, "दादाकाका, अजून भात हवाय का, असं आई विचारतेय."

एक दिवस आई ओट्यावर वाळवलेले पापड गोळा करत होती. अर्धे सीतम्माला द्यायचे होते म्हणून मोजत होती. आई बोलायची मराठीत, पण मोजायची कन्नडमध्ये. मोठ्यानं नाही, ओठातल्या ओठात. दादाकाका वर्तमानपत्र वाचत बसले होते. त्यांनी मान वर केली.

"सुनंदा, पापड मराठीत मोज बरं. नाहीतर ते तिकडच्या खात्यात जातील."

बाबा हसले, शाम हसला, आईही हसली. तिनं मोजलेले पापड खाली ठेवले आणि पहिल्यापासून मराठीत सुरुवात केली. अठ्ठावीसपर्यंत व्यवस्थित आली आणि थांबली. कन्नडमध्ये एकोणतीसला वीस-नऊ म्हणतात, जे आहे ते. मराठीत तीसला एक कमी. पुढच्या आकड्याकडं बघून मागचा म्हणायचा. आई तिथं नेहमी अडखळायची. तिनं दोनदा प्रयत्न केला, मग पापडांची चवड उचलली आणि "असू दे, अंदाजानं देते," असं मला हळूच म्हणून आत गेली.

त्या दिवशी संध्याकाळी मी तिच्याजवळ बसून लसूण सोलत होते. तिनं विचारलं, "मास्तर येतील ते घरातल्या मोठ्या माणसाला विचारतात, का प्रत्येकाला?"

शिरगणतीचं काम शाळामास्तरांना दिलेलं होतं आणि आमच्या भागात नंजुंडय्या मास्तरच होते. मी सांगितलं, "प्रत्येकाची वेगळी चिठ्ठी असते. पण सांगतात बाबाच."

"माझीपण वेगळी?"

"हो. तुझ्या नावाची."

फोडणी झाली, झाकण पडलं. मग म्हणाली, "अव्वा होती तोवर मला कोणी विचारलं नसतं तरी चाललं असतं."

अव्वा म्हणजे माझी आजी, आईची आई. मागच्या दिवाळीनंतर ती धारवाडला वारली होती.

"आता अव्वा नाही," आई म्हणाली. "मी मराठी म्हणून लिहवून घेतलं तर मी तिच्याशी जे बोलत होते ते माझं नव्हतंच असं होईल. नाही का गं?"

"मग कानडी सांग."

"ह्यांनी मराठी सांगितल्यावर? भावजी बसलेले असताना?" ती किंचित हसली. "तुला काय, तू शाळेत हात वर करून उत्तर देतेस."

तिला नवऱ्याचा शब्द चारचौघांत खाली पाडायचा नव्हता आणि आईची भाषाही टाकायची नव्हती. दोन्ही एकदम जमणार नव्हतं, हे तिला माझ्याआधी कळलं होतं. मी तेव्हा तिला म्हटलं की बाबांना आधीच सांगून टाक. ती म्हणाली, "आधी सांगितलं तर ते भावजींना समजावत बसतील. मग ते दोघांचं भांडण होईल. माझं नाही राहणार."

रविवारी सकाळी मास्तर आले. मागच्या भिंतीवरून रोज दिसणारा माणूस, पण त्या दिवशी पुढच्या फाटकातून, कोट घालून आले. बाबांनी खुर्ची दिली. दादाकाका शेजारी बसले. मी दाराशी होते, शाम बाबांच्या पायापाशी आणि आई स्वयंपाकघरातून येऊन माझ्या मागं दारात, हात पदराला पुसत. मास्तर कन्नडमध्ये विचारत होते आणि बाबा अर्धं कन्नड, अर्धं इंग्रजी असं उत्तर देत होते. नाव, वय, जन्म कुठला, लिहिता-वाचता येतं का. धर्म विचारला तेव्हा बाबा आणि दादाकाका दोघंही एकदमच "हिंदू" म्हणाले आणि मास्तर पुढं गेले. त्यावर कुणी मान वर केली नाही. आज टीव्हीवर सगळी संध्याकाळ त्या एका रकान्यावर जाते. आमच्या ओट्यावर त्याला एक श्वासही लागला नाही, आणि आत तर एकादशीला पाणी न पिणारी एक आणि खिचडी खाणारे चौघे होते.

बाबांची मातृभाषा मराठी लिहिली गेली. मग मास्तरांनी आईची चिठ्ठी घेतली. नाव सुनंदा. वय. जन्म धारवाड. मातृभाषा म्हटल्यावर बाबांनी सवयीनं "मराठी" म्हटलं. मास्तरांचं पेन हवेतच राहिलं. रोज दुपारी भिंतीपाशी चाललेलं बोलणं त्यांच्या घरापर्यंत ऐकू जात होतं. त्यांनी चष्म्यावरून आईकडं पाहिलं.

"अम्माऽ, निम्म मातृभाषे?" तुमची मातृभाषा कुठली, असं त्यांनी सरळ तिलाच विचारलं.

"मराठीच की," दादाकाका कन्नडमध्ये म्हणाले. "मराठी घर आहे. नियम काय आहे तुमचा? वाचा."

मास्तरांनी सूचनांचं पुस्तक काढलं आणि वाचलं. छापील कन्नड बाबांना कळत नसे, म्हणून त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी मराठीत सांगितलं, "लहानपणी आई आपल्याशी ज्या भाषेत बोलायची ती, किंवा घरात मुख्यतः बोलली जाते ती."

"किंवा," दादाकाका म्हणाले. "ऐकलंत ना, मास्तर? किंवा घरात बोलली जाते ती. घरात मराठी आहे. या घराचा तसा नियमच आहे, विचारा माझ्या भावाला."

आता मला कळतं की तो एक "किंवा" ज्या कुणी लिहिला त्यानं देशभरातल्या किती ओट्यांवर माणसांना एकमेकांकडं बघायला लावलं असेल. हिशेबात एका रकान्यात दोन अर्थ बसत असले तर ती बेरीज आम्ही कच्ची धरत असू. त्या वेळी मी फक्त बाबांकडं बघत होते. बाबा जमिनीकडं बघत होते. नियम त्यांचा होता आणि तो आता दुसऱ्याच कामाला लागला होता.

आई दारातून एक पाऊल पुढं आली. पदर डोक्यावरून नीट घेतला. दादाकाकांकडं तिनं पाहिलं नाही, पण बोलली ती मराठीत, म्हणजे त्यांनाच ऐकू जावं म्हणून.

"माझी आई माझ्याशी कन्नडमध्ये बोलायची. मास्तर, माझं कन्नड लिहा."

मास्तरांना मराठी येत नव्हती, तरी शेवटचे दोन शब्द त्यांना कळले. त्यांनी लिहिलं. दादाकाकांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. शामनं मोठ्यानं विचारलं, "म्हणजे आई कानडी आहे?"

मग माझी चिठ्ठी आली. मास्तरांनी माझ्याकडं पाहिलं, मग आईकडं. नियम तोच होता. आई ज्या भाषेत बोलायची ती. मला वाटलं आता आई आम्हालाही तिच्याकडं ओढून घेईल, आणि खरं सांगायचं तर मी त्याला तयार होते. दादाकाका पुढं सरकून बसले होते.

"मुलांचं मराठी लिहा," आई म्हणाली. या वेळी कन्नडमध्ये, सरळ मास्तरांना. "मी त्यांच्याशी मराठीतच बोलले."

मास्तरांनी विचारलं, "दोघांचं?"

"दोघांचं. खोटं कशाला सांगू?"

माझ्या चिठ्ठीवर मराठी आलं, शामच्या चिठ्ठीवर मराठी आलं. येणाऱ्या इतर भाषांत सगळ्यांची कन्नड लिहिली गेली आणि आईची मराठी. शाई वाळेपर्यंत मास्तर थांबले, कॉफी घेतली आणि निघून गेले. आई स्वयंपाकघरात वळली. तिनं खरं तेच सांगितलं होतं, आणि त्यातून निघालेलं उत्तर असं होतं की घरात ती एकटी एका बाजूला आणि आम्ही सगळे दुसऱ्या. ते तिला ठाऊक होतं. भांड्यांचा आवाज नेहमीसारखाच येत होता.

आकडा खोटा असतो असं मी म्हणणार नाही. आमच्या घराचा आकडा अगदी खरा होता. पण आकड्याला एका माणसामागं एकच खूण लागते आणि माणसाजवळ बहुतेक वेळा दोन असतात. एक लिहिली की दुसरी कुठंतरी खाली पडते. ती कोण उचलतं, हे कुठल्याच तक्त्यात येत नाही. टीव्हीवरच्या माणसांना हे सांगायला गेलं तर ते म्हणतील, बाई विषयांतर करताहेत.

ओट्यावर दोघं भाऊच उरले होते. दादाकाका म्हणाले, "एक कमी झाला, वसंता."

"कमी नाही झाला, दादा. तो आपला नव्हताच. आपण धरून चाललो होतो."

"तू तिला कधी विचारलं होतंस?"

"नाही," बाबा म्हणाले. "मी नियम सांगितला होता."

दादाकाकांच्या शाळेतही नियमच सांगितले जात होते, हे त्यांच्या मनात आलं असेल का, मला माहीत नाही. आलं असलं तरी ते बोलून दाखवणारे नव्हते. त्यांनी टोपी पुन्हा घातली आणि पाय धुवायला उठले.

जेवायला पानं मांडली. मी वाढायला मदत करत होते. शामसुद्धा खाली बघून जेवत होता. आईनं भात वाढला, तूप वाढलं आणि साराचं पातेलं घेऊन ती बाबांच्या पानाशी आली. बाबांनी मान वर केली. घरात, उंबऱ्याच्या आत, त्यांच्या तोंडून मी तोवर कन्नडचा एक शब्द ऐकला नव्हता.

"स्वल्प सारु हाकि," बाबा म्हणाले.

आईचा हात थांबला. शामनं फिसकन हसून विचारलं, "बाबा, हॉकी? जेवताना?" आणि मग मलाही हसू आवरेना, कारण बाबांनी तो शब्द कारखान्याजवळच्या हॉटेलात, वाढप्याला सांगतात त्याच सुरात म्हटला होता. त्यांचं कन्नड तेवढंच होतं. बसच्या कंडक्टरकडून, दुकानदारांकडून आणि हॉटेलवाल्यांकडून उचललेलं, परक्या माणसांशी बोलायचं.

दादाकाकांना मात्र चूक सहन होत नसे, कुठल्याही भाषेतली. मास्तरच ते. त्यांनी घास ताटात ठेवला.

"वसंता, हाकि नव्हे, हाकु. बायकोला हाकु म्हणतात. हाकि म्हणजे आपलं ‘वाढा’. तू तिला अहो-जाहो करतोयस."

बाबा ओशाळले. "असं आहे होय? मला हॉटेलातलं तेवढंच येतं."

"मग शीक. म्हण, हाकु."

बाबांनी तोंड उघडलं होतं. आईनं पळी पातेल्यात ठेवली. शामला जवळ बोलावलं नाही, त्याच्या कानात काही सांगितलं नाही. पदर सावरून ती थेट दादाकाकांना म्हणाली, "राहू दे, भावजी. ह्यांना नका शिकवू."

आणि तिनं बाबांची वाटी काठोकाठ भरली.